एकाच कार्डात पाच ओएस? आधी टीव्ही तर लागू दे

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. वाशीच्या मावसभावाकडून येतो, घोडबंदर रोडच्या मित्राकडून येतो आणि दोन दिवसांनी आपल्याच इमारतीच्या ग्रुपवर "उपयुक्त माहिती" म्हणून पुन्हा येतो. मजकूर थोडक्यात असा: "जुना टीव्ही भंगारात देऊ नका. रास्पबेरी पाय घ्या, १६ जीबीचं कार्ड घाला, त्यावर नूब्स टाका. कोडी, अँड्रॉइड टीव्ही, गेम, कॉम्प्युटर, पाच-पाच ओएस एकाच डबीत. चॅनल बदलावं तशी रिमोटने ओएस बदला. नेटफ्लिक्स, हॉटस्टार फोर-केमध्ये बघा. मोबाइलचा चार्जर चालतो. एक ओएस बिघडली तरी बाकीच्या शाबूत."

ओएस म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, आणि कोडी म्हणजे टीव्हीवर सिनेमे-गाणी लावणारं सॉफ्टवेअर. मेसेजमधलं सगळंच खोटं नाही, म्हणून तर तो पटतो. रास्पबेरी पाय, म्हणजे एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर, हे उत्तम यंत्र आहे, जुन्या टीव्हीला त्याने नवा जन्म मिळतो आणि एका कार्डावर अनेक ओएस बसवता येतात हेही खरं. पण बसवता येतात म्हणून घरच्या टीव्हीमागे बसवाव्यात का, हा वेगळा प्रश्न आहे. माझं उत्तर 'नाही' आहे. मेसेजचे दावे एकेक करून बघू.

"नूब्स टाका." हा सल्ला काही वर्षांपूर्वीचा आहे आणि तेव्हा तो बरोबर होता. नूब्स, म्हणजे पायवर ओएस बसवून देणारं सॉफ्टवेअर, २०१३ मध्ये आलं. फाइली कार्डावर कॉपी करायच्या, पाय सुरू करायचा, यादीतून ओएस निवडायची, इतकं सोपं. मार्च २०२० मध्ये कॉम्प्युटरवरून थेट कार्डावर ओएस लिहिणारा रास्पबेरी पाय इमेजर आला आणि नूब्स मागे पडलं. आता त्याची देखभाल होत नाही आणि पाय ५ वर ते चालतच नाही. त्याचाच एक फाटा असलेलं 'पिन' मात्र जिवंत आहे आणि नव्या बोर्डांवरही चालतं. म्हणजे हौस असेल तर रस्ता आहे, पण मेसेजमधला नाही.

"चॅनल बदलावं तशी ओएस बदला." इथे जरा थांबायला हवं, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. आपल्या पीसीत बायोस असतो, म्हणजे सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम. त्यावर कुठून बूट, म्हणजे सुरू, व्हायचं याचा मेनू येतो. पायमध्ये तसं काही नाही. पाय ४ आणि ५ वर बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये बूटलोडर, म्हणजे ओएस सुरू करून देणारा प्रोग्रॅम, असतो. तो कार्डावरचं फॅट पार्टिशन (कार्डाचा वेगळा काढलेला एक भाग) शोधतो, त्यातली कॉन्फिग फाइल वाचतो, कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, चढवतो आणि बाजूला होतो. "साहेब, आज काय लावू?" असं तो विचारत नाही. मग मेनू येतो कुठून? नूब्स किंवा पिन ही स्वतःच एक छोटी लिनक्स असते. आधी ती बूट होते, तुम्हाला यादी दाखवते, तुम्ही निवडलंत की 'पुढच्या वेळी अमुक पार्टिशनवरून उठ' अशी नोंद करते आणि पाय रीबूट करते. म्हणजे एका निवडीमागे दोन बूट. गेम सोडून सिनेमाकडे यायचं तर चालू ओएस बंद, मग पुन्हा तेच दोन टप्पे.

आणि मेनूसमोर कोणी काही दाबलंच नाही तर? ठरावीक सेकंद वाट पाहून मागच्या वेळी चालवलेली ओएस आपोआप सुरू होते. नौपाड्यातल्या एका घरात हे नातवाने मोठ्या हौसेने बसवून दिलं होतं. आजींना सकाळी पेनड्राइव्हमधली भजनं लावायची सवय. रात्री नातू गेम खेळून झोपला की सकाळी टीव्हीवर भजनांऐवजी गेमची यादी. मी गेलो तेव्हा आजी म्हणाल्या, "अरे, हा टीव्ही हल्ली आधी परीक्षा घेतो. पास झाले तर दाखवतो." पिनमध्ये एक ओएस कायमची ठरवून ठेवता येते, हे मान्य. पण तशी ठरवली की दुसरीकडे जायला पाय सुरू होतानाच शिफ्ट दाबून धरायची, आणि तीही वायरच्या नाहीतर डोंगलच्या कीबोर्डवर, कारण त्या क्षणी ब्लूटूथ जागं झालेलं नसतं. सोफ्यावरून उठून टीव्हीमागे कीबोर्ड खुपसायचा, याला चॅनल बदलणं कोण म्हणेल?

रिमोटचं म्हणाल तर टीव्हीचा रिमोट कोडीत खरंच चालतो. एचडीएमआय केबलमधूनच सीईसीचे, म्हणजे रिमोटच्या बटणांचे, संकेत जातात, वेगळं काही लागत नाही. फक्त पाय ४ वर केबल पॉवरच्या भोकाशेजारच्या एचडीएमआयमध्ये लावा, पलीकडच्या नाही. पण ही सोय कोडीची आहे. रास्पबेरी पाय ओएसच्या डेस्कटॉपवर त्या रिमोटने माउसचा बाण आपणहून हलत नाही.

"१६ जीबी पुरे." एका लिब्रेएलेकला पुरतं, आरामात. ती फक्त कोडी चालवण्यापुरतीच बेतलेली ओएस आहे. पण पिनमध्ये बहुतेक प्रत्येक ओएसला किमान दोन पार्टिशनं लागतात, एक बूटचं आणि एक मुख्य, आणि जागेची वाटणी बसवतानाच होऊन जाते. मग कोडीची खोली भरते आणि शेजारी डेस्कटॉपची अर्धी रिकामी पडून राहते. कोडी प्रत्येक सिनेमाचं पोस्टर, फॅनआर्ट, कलाकारांचे फोटो साठवत जातो. संग्रह मोठा असेल तर हा फोल्डर हळूहळू चांगलाच फुगतो. नूब्समध्ये नंतर एखादी ओएस वाढवायची म्हणजे सगळं पुसून श्रीगणेशा. पिनमध्ये आधीच मोकळी जागा राखून ठेवता येते, पण पुढे काय लागेल हे तेव्हा कोणाला ठाऊक असतं?

शिवाय एका ओएसमधल्या कोडीला दुसऱ्या ओएसमधल्या कोडीचा पत्ता नसतो. इकडे अर्धा पाहिलेला सिनेमा तिकडे पहिल्यापासून सुरू होतो, कारण दोघांचा डेटाबेस वेगळा.

"नेटफ्लिक्स, हॉटस्टार फोर-केमध्ये." नाही. हा दावा सरळ खोटा आहे, आणि बरेच जण याच आशेने पैसे घालतात. पायच्या चिपची ताकद कमी आहे असं नाही. पाय ४ आणि पाय ५ दोन्ही एचईव्हीसी पद्धतीने दाबलेला फोर-के व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडतात, तुमच्या डिस्कवरची फाइल मस्त चालते. अडतं ते वाइडवाइनवर. व्हिडिओची चोरून कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं हे गुगलचं कुलूप आहे, त्याला पातळ्या आहेत. फोर-केसाठी एल-१ लागते, म्हणजे व्हिडिओ उलगडण्याचा सगळा रस्ता हार्डवेअरमध्ये बंदिस्त आणि प्रमाणित असला पाहिजे. पायला ती मान्यता नाही. त्याला मिळते एल-३, सॉफ्टवेअरमधली, आणि तिच्यावर कंपन्या चित्राचा दर्जा खाली आणतात. कोडीत यासाठी जी अॅड-ऑन मिळतात ती त्या कंपन्यांची अधिकृत नाहीत. ती चालायला वाइडवाइनची फाइल वेगळी मिळवून घ्यावी लागते, आणि त्यासाठी कार्डावर तात्पुरती बरीच जागा लागू शकते. १६ जीबीचे पाच तुकडे केलेत तर ती कुठून आणणार?

"मग अँड्रॉइड टीव्ही टाकू" म्हणाल, तर पायसाठी गुगलने प्रमाणित केलेला अँड्रॉइड टीव्ही नाही. हौशी लोकांनी बनवलेली लिनिएजओएसची (अँड्रॉइडवरूनच बनलेल्या ओएसची) बिल्ड आहेत, बरी चालतात, पण कुलूप तेच. ओटीटीच बघायचं असेल तर सरळ एखादी प्रमाणित स्टिक घ्या. पाय घ्यायचा तो स्वतःच्या फाइली, घरचे व्हिडिओ, पेनड्राइव्ह आणि घरच्या नेटवर्कवरचा साठा बघायला.

"मोबाइलचा चार्जर चालतो." लागतो, चालत नाही. पाय ४ ला ५.१ व्होल्टवर ३ अँपिअर हवेत, पाय ५ ला त्याच व्होल्टवर ५. आता लोक म्हणतात, आमचा चार्जर ६५ वॉटचा आहे. अहो, ते ६५ वॉट जास्त व्होल्टवर असतात, आणि तेही फोनशी बोलणी झाल्यावर. साध्या ५ व्होल्टवर तोच चार्जर बहुधा २ किंवा ३ अँपिअर देतो. त्यात हजारपाचशे वेळा फोन चार्ज केलेली बारीक केबल असेल तर पायपर्यंत पोचेस्तोवर विजेचा दाब पडतो. ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह चमकतं आणि प्रोसेसर आपला वेग उतरवतो. सिनेमा अडखळतो आणि दोष मिळतो कोडीला. पाय ५ ला ३ अँपिअरचा चार्जर लावला तर तो सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो. पोर्टेबल हार्ड डिस्क त्यावर कटकट आवाज करत बसते. कोपरखैरण्यातल्या एका काकांनी तो आवाज ऐकून डिस्क गेली असं ठरवलं होतं आणि नवी मागवायच्या बेतात होते. पायचा स्वतःचा २७ वॉटचा अडॅप्टर लावला, डिस्क ठणठणीत निघाली.

आता शेवटचा दावा, "एक बिघडली तरी बाकीच्या शाबूत." ऐकायला हा सगळ्यात शहाणपणाचा वाटतो आणि सगळ्यात महागात हाच पडतो. पार्टिशन म्हणजे भिंत असं आपण धरून चालतो. पण एसडी कार्डाच्या आत स्वतःचा एक कंट्रोलर असतो. फ्लॅश सारखी झिजावी म्हणून तो डेटा कार्डभर हलवत राहतो आणि कुठे काय ठेवलं याचा तक्ता स्वतःकडे ठेवतो. त्याला तुमची पार्टिशनं कळत नाहीत. पावसाळ्यात लाईट गेली आणि नेमकं त्या क्षणी गेमची ओएस काही लिहीत होती, तर त्या ओएसची फाइल बिघडणं हा झाला किरकोळ प्रकार. तो अंतर्गत तक्ताच विस्कटला तर कार्डच वाचेनासं होतं आणि पाचही ओएस एकदम जातात. एकटी लिब्रेएलेक असती तर धोका कमी होता, कारण तिची मुख्य सिस्टीम एका दाबून बंद केलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलीत असते. तिच्या शेजारी सतत लिहिणारी डेस्कटॉप ओएस आणून बसवलीत की तो फायदा गेला. आणि कार्ड नकली निघालं तर बोलायलाच नको. ६४ जीबी छापलेलं आणि आत त्याच्या पाव भागाइतकी जागा असलेलं कार्ड पहिली ओएस नीट चालवतं, तिसरी लिहिताना पहिलीवर लिहितं. लॅमिंग्टन रोडवरून आणा नाहीतर ऑनलाइन मागवा, पहिल्यांदा पूर्ण भरून, वाचून तपासून घ्या.

मग दोन ओएस हव्याच असतील तर? दोन वेगळ्या जागी ठेवा. पाय ४ चा बूटलोडर मुळात आधी कार्ड बघतो, ते नसेल तर यूएसबी. पाय ५ आधी कार्ड, मग एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), मग यूएसबी. याचा फायदा घ्या. लिब्रेएलेक एसएसडीवर टाका, पाय ४ असेल तर निळ्या यूएसबी पोर्टात, पाय ५ असेल तर एम-डॉट-टू हॅटवर, म्हणजे एसएसडी जोडायच्या जादा बोर्डावर. कार्डाचा खाचा रिकामा असेल तर दरवेळी कोडीच लागणार, कोणी काही विचारणार नाही. गेम खेळायचा असेल तेव्हा पाय बंद करून गेमचं कार्ड घालायचं, खेळून झालं की पुन्हा बंद करून काढायचं. सुरुवातीच्या काळातल्या पाय ४ वर यूएसबीवरून बूट होण्यासाठी बूटलोडर एकदा अद्ययावत करावा लागतो, एवढंच.

टीव्ही भिंतीवर असेल आणि कार्डाच्या खाच्यापर्यंत हात पोचत नसेल तर उलट करा. कोडी कार्डावर, गेम पेनड्राइव्हवर. रास्पबेरी पाय इमेजरमध्ये बूटलोडरच्या यादीत 'यूएसबी बूट' हा पर्याय आहे. तो एका रिकाम्या कार्डावर लिहून त्यावरून पाय एकदा सुरू केला की क्रम बदलतो. मग यूएसबीची एक्स्टेन्शन टीव्हीच्या खाली लोंबती ठेवा. सिनेमांची डिस्क कायम जोडलेली असेल तर बूटलोडर आधी तिच्यात डोकावतो, काही सेकंद जास्त लागतात. सिनेमे या वेगळ्या डिस्कवरच ठेवा, ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून, म्हणजे दोन्ही ओएस वाचतील आणि लॅपटॉपही.

खरं तर अनेकांना दोन ओएस लागतच नाहीत. डेस्कटॉप आणि कोडी दोन्ही हवं असेल तर रास्पबेरी पाय ओएसवरच कोडी एका कमांडने बसतो. गेम आणि कोडी हवं असेल तर रेट्रोपाय या जुन्या गेमच्या सिस्टीमच्या पर्यायी पॅकेजांत कोडी आहेच. एका मेनूतून दुसऱ्यात जायचं, रीबूट नाही की कीबोर्ड नाही.

पिनचा मी शत्रू नाही. ऐरोलीत इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा टेबलावरच्या पायवर चार ओएस फिरवतो, मोडतो, पुन्हा बसवतो. त्याच्यासाठी ते बरोबरच आहे. त्या पायवर घरातलं कोणी अवलंबून नाही आणि त्याच्यासमोर वायरचा कीबोर्ड कायम असतो. दिवाणखान्यातला पाय मात्र त्याने लिब्रेएलेक घालून वेगळा ठेवलाय. त्याला हात लावायचा नाही, अशी त्याला त्याच्या आईची ताकीद आहे.