मांजर दाखवा!

काल संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचे काका आमची मांजर बघायला आले आणि आमच्याकडे मांजरच नाही असं ठरवून गेले.

आहे हो. ठकू. रशियन ब्ल्यू, निळसर राखाडी, आखूड दाट केसांची, हिरव्या डोळ्यांची. पण जातच बुजरी. घरच्यांच्या पायापायात करेल, बेल वाजली की दिवाणाखाली, बॅगांच्या मागे.

काका सोफ्यावर ऐसपैस बसले. "बोलवा."

"ती बोलावून येत नाही. आपण गप्प बसलो तर कदाचित..."

"मांजर आहे की तहसीलदार?"

मग दूध मागवलं. मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही, असं म्हणालो. "आमच्या वाड्यात आठ होती, सगळी दुधावर!" काकांच्या वाड्यापुढे कुठल्याच डॉक्टरचं चालत नाही.

"आणि रशियन कशावरून?"

मी मूर्खासारखा खुललो. रशियातल्या अर्खांगेल्स्क बंदरातून जहाजाने इंग्लंडात आली म्हणतात, १८७५ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनात मांडली होती, वगैरे.

"बघा! पणजी अख्ख्या लंडनसमोर बसली, आणि ही माझ्यासमोर लाजते?"

एवढं बोलून काका गुडघ्यांवर आले आणि छत्री दिवाणाखाली घातली. "काका, नको!" माझा आवाज चढलाच.

"अहो, धीट करायला नको का तिला?"

हे धीट करणं मला चांगलं ठाऊक आहे. लहानपणी पाहुणे आले की मला दारामागून ओढून काढायचे. रामरक्षा म्हणून दाखव! अजून चारचौघांत बोलायचं म्हटलं की तळव्यांना घाम फुटतो. चूपचाप बसणाऱ्यात काहीतरी बिघाड आहे आणि तो दुरुस्त करायचा हक्क आल्यागेल्याला आहे, हे या देशात कोणी ठरवलं? ठकूचं मागणं ते किती! ठरल्या वेळी मोजून खाणं (मोजून, नाहीतर सुटते), अधूनमधून ब्रश, लपायला एक कोपरा. मर्जी झाली की ती आपणहून येते. रात्री दोनला, थेट छातीवर, ते सोडा.

जाताना काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नसेल तर नसेल हो. मनाला लावून घेऊ नका."

रात्री सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज : "मांजरवाल्यांकडून कचऱ्याचे जादा पैसे घ्यावेत." खाली एकच फ्लॅट नंबर. आमचा.