गोलांची बेरीज नेमकी कशाची? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया अभ्यासपूर्ण आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचा आक्षेप असा: हॉकीत पाकिस्तानच्या सोहेल अब्बासचे 348 आंतरराष्ट्रीय गोल समोर असताना मी भारताचे आघाडीवीर ध्यानचंद आणि बलबीरसिंग (सीनियर) यांना त्याच्या वर बसवतो, ही निव्वळ भावनिकता आहे, 1932 च्या ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला 24-1 ने हरवण्यात कसला आलाय पराक्रम?

त्या सामन्यापुरतं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. लॉस एंजेलिसला हॉकीत जेमतेम तीन संघ होते, आणि त्या दिवशी ध्यानचंदपेक्षा जास्त, म्हणजे 10 गोल रूपसिंग यांनी केले. तो सामना खुशाल बाजूला काढा. पण 1936 च्या बर्लिनचं काय करायचं? ज्या जर्मनीने सराव सामन्यात भारताला 4-1 असं नमवलं होतं, तिलाच अंतिम सामन्यात 8-1 ने लोळवलं. त्यात ध्यानचंद यांचे गोल तीन की सहा, यावर नोंदींचंच एकमत नाही. तीन ऑलिंपिक मिळून त्यांच्या वाट्याला 12 सामने आले. सोहेल तीनशेहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळला. या दोन बेरजा शेजारी मांडून काय हाती लागणार?

आता त्या 348 कडे वळू. सोहेलने 2004 मध्ये नेदरलँड्सच्या पॉल लिटजेन्सचा सर्वाधिक आंतरराष्ट्रीय गोलांचा विक्रम मोडला. हे दोघेही बचावपटू! भारताचा हरमनप्रीत सिंगही बचावपटूच, आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक 10 गोल त्याचेच. म्हणजे सर्वाधिक गोलांची यादी मुख्यतः पेनल्टी कॉर्नर (बचाव करणाऱ्या संघाने गोलसमोरच्या वर्तुळात नियम मोडला की मिळणारी गोलची संधी) घेणाऱ्यांची आहे, आणि हे काम अनेकदा बचावपटूच करतात.

हे कौशल्य मी मुळीच कमी लेखत नाही. कॉर्नरवर पहिला फटका स्टिकने मारला, तर चेंडू गोलरेषेवर 460 मिलिमीटरपेक्षा उंच जाता कामा नये. फ्लिकला, म्हणजे फटका न मारता स्टिकने चेंडू उचलून भिरकावण्याला, मात्र ही मर्यादा नाही, आणि ड्रॅगफ्लिकचं सगळं सामर्थ्य त्यातच आहे. चेंडू वर्तुळाबाहेर थांबतो, फ्लिक करणारा जवळजवळ जमिनीलगत वाकतो, स्टिकच्या दांड्याला चिकटलेला चेंडू लांब ओढत आणतो आणि कमरेच्या झटक्याने वरच्या कोपऱ्यात भिरकावतो. समोरून धावत येणाऱ्या बचावपटूला क्षणभराचा अवधी मिळतो. सोहेल हे वर्षानुवर्षं करत राहिला, तेही सगळ्या संघांनी त्याचा अभ्यास केलेला असताना. या कामात मी त्याच्या वर कुणालाच ठेवणार नाही.

पण मैदानी गोल, म्हणजे कॉर्नरवर नव्हे तर चालू खेळात केलेला गोल, हे वेगळंच काम. ध्यानचंद, बलबीर गवतावर खेळले, जिथे चेंडू कधी कसा उसळेल याचा भरवसा नसे. शिवाय त्यांच्या काळी ऑफसाइड होता: पास निघताना आघाडीवीर आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असावे लागत. गोलजवळ दबा धरून बसण्याची सोयच नव्हती. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम मैदान आलं, नव्वदच्या दशकात ऑफसाइड गेला आणि आघाडीवीराचं कामच पालटलं.

म्हणून मी एवढंच पाहतो की खेळाडू आपल्याच काळातल्या इतरांच्या किती पुढे होता. 1952 मध्ये हेलसिंकीला भारताने एकूण 13 गोल केले, त्यातले 9 बलबीर यांचे. उपांत्य सामन्यात ब्रिटनविरुद्ध तिन्ही, अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध सहापैकी पाच. पुरुषांच्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात पाच गोल त्यानंतर कुणालाही जमलेले नाहीत. ‘एकच नाव सांगा’ असं तुम्ही शेवटी विचारलंत. ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यासाठी आघाडीवीर निवडायचा असेल तर माझं नाव बलबीरसिंग. शेवटच्या मिनिटाला कॉर्नर मिळाला, तर चेंडू सोहेलकडे.