बिडीनं खरंच शांत वाटते का?

काल सांजेला फाट्यावरच्या पानठेल्यावर बसलो होतो. गजूभाऊच्या कपाशीवर बोंडअळी पडलेली. त्याने बिडी पेटवली, झुरका घेतला, डोळे मिटले. "आता कुठं डोकं ठिकाणावर आलं बाप्पा. हिच्याबिगर टेन्शन सहन होत नाही."

"भाऊ, अर्धं टेन्शन अळीचं. अर्धं या बिडीचंच."

"काऊन?"

"रातभर लाइन नसली अन् पहाटे पंप सुरू झाला की किती बरं वाटते! पन लाइन गेलीच नसती तं? बिडीतलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत जाते, अन् दोनेक तासांत रक्तातलं अर्धं संपते. मंग चिडचिड, कशात मन नाही. पुढची बिडी तेवढीच तलफ भागवते. अळी तिथंच."

पुण्याहून आलेला विक्की म्हणाला, "म्हणून मी वेप ओढतो, काका. धूर नाही, वास नाही."

वेप म्हणजे बॅटरीवरची ई-सिगारेट, निकोटिनची वाफ ओढायची. बोलता बोलता ती बोटभर निळी नळी तीनदा तोंडाला गेली, त्याला कळलंही नाही. मला याचीच धास्ती जास्त वाटते. बिडी विझते, दुसरीसाठी काडी शोधावी लागते. वेपला शेवटच नाही. २०१९ पासून देशात विक्रीला बंदी आहे, तरी पोरांच्या खिशात आहेच.

"झोपताना कुठं ठेवतोस?"

"उशीखाली."

"अन् तीन तासांचा पेपर असला तं?"

तो बराच वेळ गप्प होता. "दुसऱ्या तासाले प्रश्न दिसतच नाहीत, काका. फक्त तेच आठवते."

गजूभाऊ उसळला. "पन सोडली तं माणूस येडा होते! पोळ्याले सोडली होती मी. तिसऱ्या दिवशी पोरीले मारलं. पाणी सांडलं म्हणून." शेवटी त्याचा आवाज बसला.

तिसरा दिवस. मी सोडली तेव्हा मीही तिसऱ्याच दिवशी वरणात मीठ कमी म्हणून आईवर ओरडून ताटावरून उठलो होतो. सुरुवातीचे दोन-तीन दिवस सगळ्यांत वाईट, दोन-चार आठवड्यांत उतरतं, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर! २०१४ मध्ये २६ अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यांत सोडणाऱ्यांची चिंता आणि उदासी कमी झालेली दिसली. मी हे सांगितलं.

"अन् कपाशी?"

"तिची काळजी राहीनच, भाऊ."

विक्की बिडीच्या बंडलावरचा, तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा नंबर मोबाइलात घेत होता.

"यावेळी पयले तीन दिवस पोरीले मामाकडं धाडतो," गजूभाऊ म्हणाला.

"धाडू नको. तिले आधीच सांगून ठेव."