डेंग्यूचा डास गटारीत नाही, आपल्या बॅरलात आहे

पाऊस लागला की बेळगावातल्या गल्लीगल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. डेंग्यू गटारीच्या डासांमुळे होतो, रात्री मच्छरदाणी लावली की पुरे, एकदा होऊन गेला की पुन्हा होत नाही, आणि ताप उतरला की पपईच्या पानांचा रस देऊन घरीच ठेवा, असा त्याचा मजकूर. लोक चांगल्या मनानेच तो पुढे पाठवतात. पण त्यावर विसंबून एखादं लेकरू दगावू शकतं, म्हणून लिहितोय.

गटारीच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस, पायांवर पांढरे पट्टे असलेला, स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. बेळगावच्या शहापूर-वडगावात जिथे नळाला रोज पाणी येत नाही, तिथे न्हाणीतला हौद आणि परसातलं निळं बॅरल भरूनच ठेवावं लागतं. त्यात कुणाचा दोष नाही. पण एकदा टॉर्च मारून आत बघा. वरवर नितळ दिसणाऱ्या पाण्यात बारीक अळ्या डोकं खाली करून लटकलेल्या दिसतील, सावली पडली की वळवळत तळाला जातील. एडिसची मादी पाण्याच्या कडेला, भिंतीवर अंडी चिकटवते आणि ती सुकी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा बॅरल रिकामं करून आतून काथ्याने खसाखसा घासायचं, वाळवायचं, मग भरून वर फडकं घट्ट बांधायचं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा. धुराच्या गाडीने फक्त उडणारे डास मरतात, अळ्या तशाच राहतात. कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये डेंग्यूला साथरोग जाहीर केलं, तेव्हा अळ्या सापडलेल्या घरांना दंडही ठेवला. आरोग्य खात्याच्या आशाताई बॅरल बघायला आल्या तर दार लावून घेऊ नका.

मच्छरदाणी वाईट नाही. भाताच्या खाचरात वाढणारे, जपानी मेंदूज्वर पसरवणारे डास रात्रीच चावतात. पण एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि तिन्हीसांजेच्या आधी जास्त. दुपारी झोपलेल्या बाळालाही मच्छरदाणी हवी.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्याच प्रकारापासून संरक्षण मिळतं, बाकीच्या तिघांपासून फार काळ नाही. उलट दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. म्हणून ‘एकदा होऊन गेला की पुन्हा होत नाही’ हे मेसेजमधलं वाक्य सर्वांत उलटं आहे. (त्याच्याच शेवटी माकडतापही डासांच्या माथी मारलाय. तो गोचिडीमुळे होतो. २०१५-१६ मध्ये गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात त्याचे रुग्ण सापडले होते.)

आता उतरलेल्या तापाबद्दल. बहुतेक लोक घरीच बरे होतात, हे खरं. पण ज्यांचं बिघडतं, त्यांचं नेमकं तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरताना बिघडतं. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातलं पाणी झिरपून बाहेर पडतं, रक्तदाब खाली येतो. पपईच्या रसाने हे झिरपणं थांबतं असा पुरावा नाही, आणि आधीच उलट्या होणाऱ्या माणसाला तो कडू रस पाजणं म्हणजे आणखी त्रास. प्लेटलेटच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींच्या, आकड्यावरच नजर ठेवून बसल्याने खरी लक्षणं निसटतात. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन आणू नका, रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल चालतं, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच.

ताप उतरून अंग गार लागलं म्हणून लगेच पोराला शाळेत पाठवू नका. दोन दिवस जवळ बसा, पेज, सरबत, ओआरएस घोट घोट पाजा. पोटात जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, लघवी कमी झालीय, हातपाय गार पडलेत किंवा हाक मारली तरी ओ देत नाही, यातलं एकही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढा.