आत्याने दार लावून घेतलं, त्या मेसेजमुळे

परवा आत्याकडे महापालिकेच्या नागरिक-मत सर्वेक्षणाची मुलगी आली होती. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. आत्याने दार लावून घेतलं. का, तर सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज: ‘सर्वेक्षण बोगस आहे. लाखोंच्या शहरात फक्त 1,100 लोकांना विचारतात. केंद्राच्या पाहणीत 32 लाखांनी मत दिलं होतं! झोपडपट्टीत जाऊन काय विचारता, टॅक्स भरणाऱ्यांना विचारा. उत्तर दिलंत तर घरपट्टी वाढेल. आपल्या ग्रुपच्या लिंकवर मत द्या.’ हाच मेसेज मला तीन नातेवाइकांनी पाठवला, म्हणून हे लिहितोय.

आधी 1,100 चं. शितावरून भाताची परीक्षा करणारी माणसं आपण, आणि आकडा दिसला की बिचकतो. पत्ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले असतील, तर सुमारे 1,070 जणांच्या उत्तरांवरून साऱ्या शहराचं मत 3 टक्के इकडेतिकडे धरून सांगता येतं. शंभरातल्या 95 वेळा ते त्या पट्ट्यात बसतं. शहर पाच लाखांचं की पन्नास लाखांचं, याने जवळजवळ फरक पडत नाही. पातेलं मोठं म्हणून कोणी जास्त शितं चेपून बघत नाही.

मात्र भात ढवळलेला हवा, आणि लिंकवाल्यांची गोची इथेच आहे. 1936 मध्ये अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. 20 लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्टविरुद्ध लँडन निवडून येणार असं छापलं. प्रत्यक्षात रूझवेल्टने 48 पैकी 46 राज्यं जिंकली. नावं काढली होती मुख्यतः टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदींतून, तीही मंदीच्या काळात. त्यात ज्यांना रूझवेल्टची चीड होती त्यांनीच पत्रिका भरून पाठवण्याची तसदी जास्त घेतली. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने त्याहून कितीतरी कमी लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडलं. आपल्या ग्रुपच्या लिंकवर कोण मत देणार? ग्रुपमधले, रागावलेले, आणि दुपारी मोकळे असलेले. मेसेजमधले ते 32 लाखही केंद्राच्या 2020 च्या ‘ईज ऑफ लिव्हिंग’ (शहरात राहणं किती सोयीचं) निर्देशांकासाठी 111 शहरांतून जमवलेले. त्यात ऑनलाइन आणि क्यूआर कोडनेही मत देता येत होतं. आकडा भरघोस आहे, पण ज्याला वाटलं त्याने दिलेलं मत आणि निवडून विचारलेलं मत यांत फरक असतो.

आता ‘टॅक्स भरणाऱ्यांना विचारा’. हे वाचून खरंच डोकं फिरलं. महापालिका काय नुसत्या घरपट्टीवर चालते? जकात गेली, त्याजागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, 2017 पासून जीएसटीमुळे बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई म्हणून राज्य सरकार महापालिकांना पैसे देतं. जीएसटी कोण भरतं? वस्तीतली बाई साबणाची वडी घेते तेव्हा तीही भरते. भाडेकरूच्या भाड्यात मालकाची घरपट्टी असतेच. आणि कर बाजूला ठेवला तरी, नळाला पाणी किती वाजता येतं, सार्वजनिक संडासाला कडी आहे का, हे कोणाला विचारणार? सातव्या मजल्यावर टँकरचं पाणी भरणाऱ्याला? वस्ती वगळून केलेली पाहणी म्हणजे वरची चार शितं बघून गॅस बंद करणं. तळ करपला तर वास येईलच.

घरपट्टीचं एका वाक्यात: मिळकतीची मोजणी वेगळी आणि मतांची पाहणी वेगळी. दारात येऊन मत विचारायला आधार किंवा ओटीपीची गरज नसते. कोणी मागितला तर खुशाल दार लावा.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. सर्वेक्षणं बोगस होऊ शकतात. निविदा सर्वांत स्वस्त बोलीला गेली की पोरं टपरीवर बसून फॉर्म भरतात. ‘शहराच्या विकासाबद्दल आपण समाधानी आहात ना?’ असे प्रश्नही मी पाहिलेत. आणि 1,100 जण 40 प्रभागांत वाटले तर वाट्याला 27-28 येतात, त्यावरून एकेका प्रभागाचं काही सांगू नये. म्हणून प्रश्नावली आधी जाहीर करा, भरलेल्या फॉर्मपैकी काहींना पुन्हा फोन करून खातरजमा करा, अहवालासोबत कच्ची आकडेवारीही द्या, हे मागायला हवं. मेसेजमध्ये यातलं एकही नाही.

आणि आत्या, निवडलेलं घर सोडून शेजारचं घेतलं की ढवळलेला भात पुन्हा थिजतो. काम नीट करणारी असेल तर ती मुलगी परत तुझ्याच दारात येईल. तेव्हा तिला आत घे आणि दर पावसाळ्यात तुझ्या अंगणात उफाळणाऱ्या त्या चेंबरचं सांग. मला फोनवर सांगतेस तसंच, शिव्या तेवढ्या वगळून.