हे कर्ज मी नामंजूर केलं असतं

चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी लोकांची कर्जप्रकरणं वाचण्यात. त्यामुळे एखादा धंदा कितीही आवडला तरी डोकं आधी त्याचा ताळेबंद मांडतं. खोड आहे, जात नाही. आज ज्या धंद्याबद्दल लिहिते आहे, तो माझ्या टेबलावर आला असता तर दहा मिनिटांत फाइल परत पाठवली असती.

नाव मोझेक रेकॉर्ड्स. (मोझेक म्हटलं की आमच्या पिढीला आधी चाळीतली ठिपक्यांची फरशी आठवते.) गाव स्टॅमफर्ड, राज्य कनेक्टिकट, अमेरिका. धंदा काय, तर जुन्या जॅझ रेकॉर्ड्स पुन्हा काढून विकणं. मायकल कस्कूना आणि चार्ली लॉरी या दोघांनी तो सुरू केला आणि १९८३ मध्ये जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकच्या, ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेल्या समग्र ध्वनिमुद्रणांचा संच बाजारात आणला. बाजारात म्हणजे दुकानात नाही हं. फक्त टपालाने.

आता प्रपोजल वाचा. माल स्वतःच्या मालकीचा नाही. गाण्यांची मालकी मोठ्या कंपन्यांची, म्हणजे आज युनिव्हर्सल, सोनी वगैरे. त्यांच्याकडून ठरावीक प्रतींपुरता आणि ठरावीक मुदतीपुरता परवाना घ्यायचा. पाच हजार, साडेसात हजार, अशी मर्यादा. तेवढ्या प्रती विकल्या की संच बंद. गिऱ्हाईक कितीही रडलं तरी पुन्हा छापता येत नाही. मुदत संपली आणि माल उरला तर तो डेड स्टॉक. खर्च मात्र सगळा आधीच: टेप शोधा, दुरुस्त करा, डिजिटल करा, जाणकाराकडून दीर्घ निबंध लिहून घ्या, फोटो मिळवा, छापा. तारण काहीच नाही, कारण हातात जे आहे ते परक्याचं. वर गिऱ्हाइकाचं वय दरवर्षी एकेक वर्षाने वाढतंय आणि नवं गिऱ्हाईक येत नाही.

घर दुसऱ्याचं, रंगरंगोटी आपली, आणि लीज संपली की चावी परत. कोण देईल कर्ज?

तरी ही कंपनी चाळीस वर्षांहून जास्त टिकली. नॅट किंग कोलच्या त्रिकुटाचा अठरा सीडींचा संच काढला, कमोडोर या जुन्या रेकॉर्ड कंपनीचा सगळा खजिना तीन भल्यामोठ्या खोक्यांत काढला. मग २०१७ मध्ये कस्कूनांनी ग्राहकांना उघड पत्र लिहिलं, की अवस्था बिकट आहे, पुढचं सांगता येत नाही. खर्च कापत कापत कंपनी जवळजवळ दोन माणसांवर आली होती, ते आणि त्यांचे ऐंशीच्या दशकापासूनचे सहकारी स्कॉट वेन्झेल. ते पत्र वाचलं तेव्हा मला आमच्या शाखेतल्या एका कर्जदाराची आठवण झाली. म्हातारे गृहस्थ, छोटा छापखाना. दर तीन महिन्यांनी स्टॉक स्टेटमेंट स्वतः घेऊन यायचे आणि मी विचारायच्या आधीच सांगायचे, ‘मॅडम, या वेळी आकडा चांगला नाही.’ आकडे वाईट असलेले पुष्कळ पाहिले. ते आपणहून सांगणारे बोटांवर मोजण्याइतके.

मला जॅझ कुठून लागलं, असं लोक विचारतात, कारण घरात नाट्यसंगीत आणि भजन सोडून तिसरं काही नव्हतं. माझी शाखा मुंबईच्या फोर्टात. जेवणाच्या सुट्टीत काळा घोड्याला ऱ्हिदम हाउसमध्ये जायचं, विकत घ्यायचं नाही, नुसतं ऐकायचं. (ते दुकानही २०१६ मध्ये बंद झालं.) पुढे ऐंशीच्या दशकात एका सहकारीण बाईंकडे जॅझ यात्रेचा जादा पास होता म्हणून धोबीतलावच्या रंगभवनात गेले. निरंजन झवेरींनी १९७८ पासून चालवलेला तो महोत्सव. पहिल्या रात्री काही कळलं नाही. दुसऱ्या रात्री कळलं की हे लोक समेवर येतात, फक्त आपल्यासारखं मान हलवून सांगत नाहीत.

तर मुद्दा असा. या विषयावर बोललं की तरुण मंडळी म्हणतात, ‘मावशी, सगळं फोनवर आहे. महिन्याला शंभर-दीडशे रुपयांत. कशाला हवेत खोके?’ खरं आहे. मीही फोनवरच ऐकते, दुपारी भाजी निवडताना. पण ‘सगळं आहे’ यातलं ‘सगळं’ आलं कुठून, हे विचारायला हवं.

१९७५ मध्ये कस्कूनांना ब्लू नोटच्या टेपांच्या कोठारात पहिल्यांदा प्रवेश मिळाला. दार उघडून देणारे हेच लॉरी, तेव्हा ते ब्लू नोटमध्ये नोकरीला होते. आत न निघालेल्या ध्वनिमुद्रणांचा ढीग होता. अनेक डब्यांवर ना रागाचं नाव, आय मीन धूनचं नाव, ना वाजवणाऱ्यांची नावं. मग हा माणूस वादकांना गाठून विचारत बसला, हा ड्रमर कोण, ही चाल कुणाची, हे तुम्हीच वाजवलंय का. मूळ मालक आल्फ्रेड लायन यांनी कंपनी विकून टाकली होती, त्यांचे भागीदार आणि छायाचित्रकार फ्रान्सिस वुल्फ १९७१ मध्येच गेले होते. आणखी दहा वर्षं कुणी विचारलं नसतं तर उत्तर देणारेही उरले नसते.

टीना ब्रूक्सचं उदाहरण घ्या. नाव बाईचं वाटलं तरी हे गृहस्थ, टेनर सॅक्सोफोन वाजवायचे. १९५८ ते १९६१ या काळात ब्लू नोटसाठी स्वतःच्या नावाने चार ध्वनिमुद्रणं केली. हयातीत बाहेर आलं एक. बाकी तीन कोठारात. १९७४ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी ते वारले. १९८५ मध्ये मोझेकने चारही एकत्र काढली. आज माझ्या फोनवर ब्रूक्स सापडतात आणि एखाद्या पोराला वाटतं की ते कायमच तिथे होते, नळाला पाणी असतं तसे. धरण कुणी बांधलं हे नळाला माहीत नसतं.

हँक मोब्ली या दुसऱ्या सॅक्सोफोनवाल्यांची गोष्ट थोडी बरी, म्हणजे इतकीच की १९६६ मध्ये केलेलं काम १९७९ मध्ये बाहेर आलं तेव्हा ते जिवंत होते. त्यांचा मोझेकचा संच माझ्याकडे आहे. भाचा न्यू जर्सीहून येताना घेऊन आला. एलपीच्या, म्हणजे मोठ्या काळ्या तबकडीच्या मापाचा चौकोनी डबा, त्याच्या बॅगेत बसेना, शेवटी त्याने स्वतःचे बूट काढून ठेवले आणि चपलेवर विमानात बसला. ताईने अजून मला माफ केलेलं नाही. आत आठ सीडी आणि एक मोठं पुस्तक. त्यात प्रत्येक दिवसाची नोंद: तारीख, स्टुडिओ, पियानोवर कोण, बासवर कोण, कितवा टेक (म्हणजे कितव्यांदा वाजवलेलं) वापरला, कितवा टाकून दिला. फोनवर तोच अल्बम उघडला तर मोब्लींचं नाव दिसतं आणि खाली साल रीमास्टरचं, म्हणजे जुनी टेप नव्याने साफ करून काढली त्याचं. पियानोवाला गायब. आपल्याकडे रेकॉर्डवर गायिकेचं नाव आणि सारंगीवाला बेपत्ता, तसंच.

कौतुकच करत नाही. या समग्रतेचा अतिरेकही होतो. एकच धून लागोपाठ तीनदा, मधल्या टेकमध्ये कुणीतरी चुकलंय म्हणून सोडून दिलेली, ते ऐकायला संयम लागतो आणि माझ्याकडे तो दर वेळी नसतो. सव्वाशे-दीडशे डॉलर ही रक्कमही थट्टा नाही, वर टपाल आणि कस्टम. आणि ‘मर्यादित आवृत्ती’ म्हटलं की लोकांना तो श्रीमंतांचा नखरा वाटतो. पण तो नखरा नाही, परवान्यातली अट आहे. विकता येतील तेवढेच छापायचे, हे तर लहान धंद्याचं सगळ्यात प्रामाणिक गणित. मी कित्येक कारखानदारांना हेच सांगून थकले.

खरा मार बसला तो दोन्ही बाजूंनी. एकीकडे युरोपातला कायदा. तिथे ध्वनिमुद्रणाचा हक्क पन्नास वर्षांचा होता. २०१३ मध्ये तो सत्तर झाला, पण १९६३ च्या आधी निघालेल्या रेकॉर्ड्स कुणीही छापाव्यात अशा मोकळ्याच राहिल्या. म्हणजे जॅझचा सोन्यासारखा काळ जवळपास अख्खा. तिथल्या काही कंपन्या दुसऱ्याने पैसे घालून स्वच्छ केलेल्या सीडीवरूनच सरळ नक्कल काढतात आणि एक चतुर्थांश किमतीत विकतात. बेकायदा नाही. पण शेजाऱ्याने निवडलेले तांदूळ आपल्या कुकरला लावण्यासारखं आहे.

दुसरीकडे मालक जागे झाले. एलपीचं वेड परत आल्यावर ब्लू नोटने २०१९ पासून स्वतःच्या जुन्या रेकॉर्ड्सच्या देखण्या महागड्या एलपी काढायला सुरुवात केली. चांगल्या आहेत, वाद नाही. पण भाडेकरूने चाळीस वर्षं जपलेल्या वाड्याला भाव आल्यावर मालक बैठकीची खोली स्वतः वापरायला घेतो आणि माळा, कोठी, परसदार तेवढं भाडेकरूकडे राहतं. विकलं जाणारं मालकाचं, न विकलं जाणारं मोझेकचं. कर्तव्य म्हणून हे काम मालकांनी करायला हवं, हे मला मान्य आहे. ते करणार नाहीत, हे मला बँकेने शिकवलं आहे. पाच हजार गिऱ्हाइकांसाठी मोठी कंपनी खुर्चीतून उठत नाही.

कस्कूना २० एप्रिल २०२४ ला गेले. ७५ वर्षांचे होते. वेन्झेल यांनी काम पुढे चालू ठेवलं.

आपल्याकडे बघितलं की मात्र मोझेकची काटकसरही चैन वाटते. आपला कायदा तर सोपा आहे: रेकॉर्ड प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं, मग मोकळी. म्हणजे १९४० च्या दशकात मुंबईत निघालेल्या चिक चॉकलेट यांच्या जॅझच्या तबकड्या केव्हाच मोकळ्या झाल्या. चिक चॉकलेट म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ताजमध्ये बँड वाजवणारे, मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले जाणारे. सी. रामचंद्रांबरोबर काम केलं, १९५१ च्या ‘अलबेला’त बँडसकट पडद्यावर दिसतात. आपण त्यांच्या ट्रंपेटवर नाचलो आणि नाव चितळकर अण्णांचं, म्हणजे रामचंद्रांचं घेतलं. त्यांच्या सगळ्या तबकड्यांचा, तारखा आणि साथीदारांच्या नावांसकट संच मला कुठेही विकत मिळालेला नाही. कायद्याने दार उघडलं, आत जायला माणूस नाही. मुंबईत रेकॉर्ड संग्राहकांची संस्था १९९० पासून आहे, पुण्यात अलूरकरांनी दुर्मीळ मैफली कॅसेटवर आणल्या. जे झालं ते अशाच हट्टी माणसांमुळे झालं, कुठल्या मोठ्या कंपनीमुळे नव्हे.

आणि गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर! १९७७ मध्ये व्हॉयेजरच्या दोन यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली तिच्यावर त्यांची भैरवी आहे आणि त्याच तबकडीवर लुई आर्मस्ट्राँगही आहेत. ५ सप्टेंबरला दोनातलं मागाहून गेलेलं यान उडालं, १६ सप्टेंबरला बाई गेल्या. गंमत म्हणजे ती रेकॉर्ड तेव्हा बाजारात मिळत नव्हती, शोधून शोधून न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली. परग्रहावर पाठवायची म्हणून कुणी शोधली तरी.

तुमच्यापैकी कुणाच्या गावच्या घरी, माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकड्या असतील, खासकरून गोव्याकडच्या मंडळींच्या, तर एक करा. भंगारवाल्याला देण्याआधी दोन्ही बाजूंच्या लेबलचे फोटो काढा. लेबलवरचा नंबर आणि त्याच्या बाहेर, गुळगुळीत भागावर कोरलेला बारीक नंबरही दिसू द्या, टॉर्च तिरका धरला की दिसतो. घरात कुणाला ट्रंपेटवाल्याचं नाव माहीत असेल तर आजच लिहून घ्या. कमेंटमध्ये टाका. मी वही घातली आहे.