अपहरण परग्रहवाल्यांनी करावं, पटकथा आपण

परग्रहवासीयांनी माणूस पळवल्याची ‘खरी’ गोष्ट पडद्यावर आणायचं मनात आहे? मग आधी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘सत्य घटनेवर आधारित’ एवढं लिहून घ्या. पटकथा सावकाश लिहिली तरी चालते.

आता ज्याला पळवलं त्याचं म्हणणं नीट ऐकून घ्या आणि बाजूला ठेवा. अ‍ॅरिझोनातला लाकूडतोड्या ट्रॅव्हिस वॉल्टन 1975 च्या नोव्हेंबरात पाच दिवस गायब होता. परतल्यावर त्याने सांगितलं ते असं: टेबलावर जाग आली, मोठ्या डोळ्यांचे तीन बुटके जीव दिसले, हाताला लागलं ते उचलून त्यांच्यावर उगारलं, तर ते खोलीबाहेर निघून गेले. निघून गेले! एवढ्या लांबून यायचं आणि पेशंट चिडला म्हणून काढता पाय घ्यायचा? त्याच्यावरच्या 1993 च्या ‘फायर इन द स्काय’ या चित्रपटाने ही उणीव भरून काढली. चिकट कोश, अंगावर ताणून बसवलेला रबरी पडदा, आणि डोळ्याच्या दिशेने येणारी सुई, तीही इतकी सावकाश की खुर्चीत बसल्या बसल्या आपल्याच पापण्या मिटतात. वॉल्टनला यातलं काही आठवत नव्हतं, पण म्हणून काय झालं?

बेटी आणि बार्नी हिल या जोडप्याच्या 1961 च्या अपहरणकथेवरचा टीव्हीपट अमेरिकेत दाखवला गेला 20 ऑक्टोबर 1975 ला, आणि वॉल्टन गायब झाला 5 नोव्हेंबरला. या तारखा एका दृश्यात कधीच येऊ देऊ नका. हिल दांपत्याला संमोहित करणाऱ्या डॉक्टरांना अपहरण झाल्याचं शेवटपर्यंत पटलं नव्हतं, हेही राहू द्या. संमोहनात माणूस किंचाळला की पुरे. किंकाळीला कोणी पुरावा मागत नाही.

पुरावा हवाच असेल तर घरी बनवा. 2009 च्या ‘द फोर्थ काइंड’ने अलास्कातल्या नोम गावच्या माणसांचं बेपत्ता होणं परग्रहवाल्यांच्या खात्यावर टाकलं. ‘मूळ चित्रफीत’ म्हणून जे दाखवलं त्यातही नटमंडळीच होती. प्रसिद्धीसाठी खोट्या बातम्या पसरवल्याबद्दल स्टुडिओला तिथल्या पत्रकारांशी तडजोड करून 20,000 डॉलर मोजावे लागले. जाहिरात म्हणून बघाल तर स्वस्तच.

नोमच्या प्रकरणांचा एफबीआयने चित्रपटाच्या आधीच छडा लावला होता. निष्कर्ष: अतिरेकी दारू आणि जीवघेणी थंडी. हे मात्र दाखवू नका. थंडीला मोठे काळे डोळे लावता येत नाहीत, आणि दारू तर प्रेक्षकाच्या ओळखीची निघायची. त्यापेक्षा शेवटी पाटी टाका: ‘या घटनांचं उत्तर आजही मिळालेलं नाही.’ आणि ती चार सेकंदांत काढून घ्या, कोणी विचारायच्या आत.